आजारी बंड्या आणि शनिवारचा 'लगान'

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. आमचा कॉकर स्पॅनिअल बंड्या ११ वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याच्या हृदयाचं दुखणं बळावलं, फुप्फुसात पाणी झालं. आता गोळ्यांवर बरा आहे. माझ्या १२ वर्षांच्या मुलाची शाळेच्या क्रिकेट टीममध्ये निवड झाली, म्हणून शनिवारी सगळ्यांनी घरी 'लगान' बघायचं ठरलंय. पण माझं चित्त थाऱ्यावर नाही. मागे एकदा सिनेमा लावला तेव्हा मी सारखी तो थांबवून बंड्याजवळ जात होते. शेवटी मुलगा चिडून खोलीत निघून गेला. पुण्याहून सासूबाई म्हणतात, कुत्र्यापायी घरावर सुतकी कळा आणू नकोस. तो आजारी असताना आपण टाळ्या पिटायच्या, हे मला पटत नाही. काय करू?

उत्तर: ताई, सिनेमा जरूर बघा. बंड्याला आपली माणसं एका जागी बसलेली हवी असतात, आणि शनिवारी तीच बसणार आहेत. तुम्ही घडीघडी उठून त्याच्यावर वाकलात तर झोप त्याचीच मोडते. काळजी सोडा असं मात्र मी म्हणणार नाही, या आजारात लक्ष हवंच. पण नेमकं काय बघायचं हे ठरलेलं नसलं की आपण नुसतं बघत राहतो आणि जिवाला स्वस्थता मिळत नाही.

बघायचे ते श्वास. तो गाढ झोपला की मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि बरगड्यांजवळची लव बघा. छाती वर आली, खाली गेली, की एक श्वास. आकडा दुप्पट केला की मिनिटाचा हिशेब झाला. धापा टाकत असेल किंवा स्वप्नात पाय झाडत असेल तेव्हा मोजू नका. झोपेत हा आकडा साधारणपणे ३०च्या आत असतो. जास्त भरला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा, आणि तरीही वरच राहिला तर व्हेटला फोन करा. बंड्यासाठी त्यांनी वेगळी मर्यादा सांगितली असेल तर तीच धरा. फ्रिजवर कालनिर्णय असेलच. ज्या चौकटीत आपण दुधाचा खाडा लिहायचो, तिथे हा आकडा लिहा. सिनेमा सुरू होण्याआधी एकदा आणि मध्यंतरात एकदा मोजा. मधल्या वेळात तुम्ही प्रेक्षक.

'लगान' पावणेचार तासांचा आहे. एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. पाणी उतरवणाऱ्या गोळीने बंड्याला तहानही जास्त लागत असेल आणि लघवीलाही सारखं जावं लागत असेल. त्याला बागेत न्यायला मध्येमध्ये थांबावंच लागेल. मी तर म्हणेन, शनिवारी सामन्याच्या तोंडाशी थांबा आणि सामना रविवारी दुपारी बघा. सिनेमातही तो तीन दिवस चालतो. तुमच्या खेळाडूला वाट बघायला आवडेल. पाण्याचं भांडं भरलेलंच ठेवा, सिनेमाची रात्र म्हणून पाणी तोडू नका.

शेवटच्या चेंडूला आरडाओरडा होणारच, मुलाला गप्प करू नका. टीव्हीचा आवाज थोडा कमी ठेवा, बंड्याचं अंथरूण स्पीकरपासून लांब सोफ्याच्या कडेला टाका आणि त्याला उठून दुसऱ्या खोलीत जाता येईल असं दार उघडं ठेवा.

खाण्याचं मात्र कडक पाळा. आपल्या घरी सिनेमा म्हणजे चिवडा, शेव, वेफर्स, आणि एखादा दाणा खाली पडतोच. या आजारात जास्त मीठ बाधतं. चिवड्यातला तळलेला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक, शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडाला. वाट्या टीपॉयवर नकोत, हातात धरा. पाहुणे आले तर त्यांनाही स्पष्ट सांगा, त्यात संकोच कसला!

आणि हे शुक्रवारीच करून ठेवा. शनिवारी रात्री तुमच्या व्हेटकडे फोन केला तर तो कुठे जातो, तातडीचा दवाखाना किती लांब, तिथे नुसतं तपासायचे किती घेतात, हे विचारून घ्या. इथल्या व्हेटना रात्री-अपरात्रीच्या तातडीच्या मदतीची काहीतरी सोय ठेवावीच लागते, पण ती बऱ्याचदा दुसऱ्याच दवाखान्यात असते. विम्याचे कागद बघा. गाडी कोण चालवणार आणि मुलाजवळ कोण थांबणार, हेही ठरवा. भारतात असतो तर शेजारच्या काकूंना हाक मारली असती. इथे एखाद्या मराठी मित्राला आधीच सांगून ठेवावं लागतं, ते सांगा. हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर दिसल्या, मान ताणून पोटाने श्वास घेऊ लागला, आडवं होता येईना किंवा चक्कर येऊन पडला, तर मोजत बसू नका. फोन करतच निघा.

मुलाला खरं सांगा. १२ वर्षांच्या पोराला आईचा चेहरा वाचता येतो, आणि मागच्या वेळी तो सिनेमा थांबला म्हणून चिडला की घाबरून, मला शंका आहे. बंड्याचा आजार बरा होणारा नाही, पण औषधांनी त्याचे दिवस चांगले जाऊ शकतात, एवढं त्याला पेलेल. श्वास मोजायला त्याला शेजारी बसवा. आकडा वाढला तर काय करायचं ती जबाबदारी तुमची.

सासूबाईंशी वाद घालू नका. गाय अडली तर रात्रभर कंदील घेऊन गोठ्यात बसणारी माणसं त्यांच्या पिढीने पाहिली आहेत. त्यांना मुक्या जिवाची माया नाही असं नाही, त्यांना तुमची आणि नातवाची काळजी वाटते. रविवारी सामना लावाल तेव्हा त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या, तिकडे संध्याकाळच असेल. बंड्याही दिसू दे त्यांना.

सोमवारी कालनिर्णयावरचे आकडे व्हेटला कळवा, आणि गोळ्यांच्या वेळांबद्दल काही शंका असतील तर त्याच फोनवर विचारून घ्या.