नाग, कोब्रा आणि कुंची

प्रिय चिकू,

नागपंचमीला आपण पाटावर पुजतो तो नाग आणि तुझ्या शाळेच्या पुस्तकातला कोब्रा एकच असेल, तर त्याला दोन नावं कशी, असं तू विचारलंस. प्राणी एकच. नावांची वाट मात्र वेगळी आहे.

‘कोब्रा’ हा शब्द इंग्रजीत आला तो पोर्तुगीजांकडून. त्यांनी १५१० साली गोवा घेतला. फणा काढणाऱ्या इथल्या सापाला ते ‘कोब्रा द कापेलो’ म्हणत. कोब्रा म्हणजे साप, कोणताही साप. कापेलो म्हणजे डोक्यावरून मानेपर्यंत येणारं टोपरं, तू तान्हा असताना घालायचास त्या कुंचीसारखं. म्हणजे कुंचीवाला साप! इंग्रजांनी आधी अख्खं नाव उचललं आणि पुढे कापेलो गाळून टाकलं. ज्या फण्यावरून नाव पडलं, तो फणाच नावातून गेला. आजही पोर्तुगीज मुलं बिनविषारी सापालासुद्धा कोब्राच म्हणतात.

पोर्तुगीज कोब्राच्या मागे लॅटिन ‘कोलुब्रा’ आहे. त्याच घराण्यातल्या ‘कोलुबर’ या शब्दावरून शास्त्रज्ञांनी सापांच्या एका मोठ्या कुळाचं नाव ठेवलं. त्या कुळात आपली बिनविषारी धामण आहे, नाग नाही. नाग आणि मण्यार दुसऱ्या कुळातले. म्हणून नाग नर आणि धामण त्याची मादी असं कुणी सांगितलं, तर ते चूक आहे. नागाची मादी नागीणच, आणि तीही फणा काढते.

आपलं ‘नाग’ हे नाव संस्कृतातलं. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली या सापाला ‘कोलुबर नाजा’ म्हटलं, आणि १७६८ मध्ये लॉरेंटी या दुसऱ्या शास्त्रज्ञाने ‘नाजा’ हे प्रजातीचं, म्हणजे जवळच्या सापांच्या गटाचं, नाव केलं. नाजा म्हणजे आपला नागच, लॅटिन पेहरावातला. त्यामुळे आज त्याचं शास्त्रीय नाव ‘नाजा नाजा’ आहे. मला हे फार आवडतं: जगभरचे सर्पतज्ज्ञ त्याला नाग नाग अशीच हाक मारतात.

आता पाटावर नाग काढताना एक लक्षात ठेव. फणा म्हणजे फुगा नव्हे, त्यात हवा भरत नाही. मानेतल्या लांब फासळ्या स्नायू बाहेर पसरवतात आणि वरची कातडी ताणली जाते. ज्याला आपण दहाचा आकडा म्हणतो ती चष्म्यासारखी खूण फण्याच्या पाठीवर असते; कधी ती फिकट असते, कधी नसतेही. समोरून गळ्यावर आडवे गडद पट्टे दिसतात. पुष्कळ चित्रांत नाग आपल्याकडे तोंड करून जीभ काढतो आणि आकडाही दिसतो. तसं खऱ्या नागाचं होत नाही. पाठमोरा काढ आणि आकडा घाल, नाहीतर समोरून काढ आणि पट्टे घाल. चंदन पातळ झालं तर रेघा ओघळतात, म्हणून सहाणेवर दाटसर उगाळ.

दूध आणि लाह्या या चित्रापुढेच ठेवायच्या. नाग उंदीर, बेडूक, इतर साप खातो. दूध त्याचं अन्न नाही. गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो कारण त्याला आधी तहानलेलं ठेवलेलं असतं, आणि ते दूध त्याला बाधतं. पुंगीचा सूरही त्याला मोहवत नाही. तो डोलताना दिसतो ते हलत्या पुंगीवर नजर रोखून असतो म्हणून.

त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून आपण पुरणाची दिंडं उकडतो: कणकेची पुरीएवढी पारी, मध्ये चमचाभर घट्ट पुरण, चारी बाजूंनी घडी, आणि चाळणीत पंधरा मिनिटं वाफ. पुरण सैल राहिलं की घडी सुटते. पुरण मी परतेन, घड्या तू घाल.

तुझी,
आई