फिट फार वेळ चालली तर मेंदूतल्या पेशींना जोडणारे रेणू नुकसान वाढवतात की कमी करतात?

दोन्ही. पुतण्याची फिट ४० मिनिटं चालली असं तुम्ही लिहिलंय, म्हणून जरा खुलासा करतो. मी डॉक्टर नाही. पीएचडीची पाच वर्षं उंदरांच्या मेंदूचे काप रंगवण्यात गेली.

पेशीच्या आवरणावर एनकॅम नावाचं प्रथिन असतं. शेजारणीवरच्या एनकॅमला धरून राहणं हे त्याचं काम. कोवळ्या पेशींत मात्र त्याच्यावर पॉलिसियालिक अ‍ॅसिड ही साखरेची लांब साखळी लोंबते. ती पाणी ओढून भिजलेल्या इसबगोलासारखी फुगते, पकड सुटते आणि पेशीला सरकायला, फांद्या फोडायला वाव मिळतो. (तान्ह्या बाळांना मेंदुज्वर देणारा ई. कोलाय के१ हीच साखर पांघरून येतो, त्यामुळे शरीराला तो परका वाटत नाही. लबाड!)

निरोगी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) ही साखर रंगवली की तिथल्या ग्रॅन्यूल नावाच्या चेतापेशींच्या पट्ट्याच्या आतल्या कडेला तपकिरी पेशींची बारीक ओळ दिसते. पायलोकार्पीन देऊन लांब फिट आणलेल्या उंदरात दोनेक आठवड्यांनी ती ओळ दाट झालेली असते, आणि काही पेशी ओळ सोडून पट्ट्याच्या आतल्या हायलस या भागात जाऊन बसलेल्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काप लावताना आपलंच काहीतरी चुकलं. अशा फिटनंतर तिथे नव्या पेशी जास्त जन्मतात, हे जॅक पॅरेंट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं. डागडुजीला लागणारी मोकळीक तीच, पण वाट चुकलेल्या पेशी भलत्या जोडण्या करतात आणि पुढच्या फिट्सना हातभार लावतात, असा दाट संशय आहे.

लॅमिनिन या पेशींबाहेरच्या प्रथिनाचं उलटं. ते पेशींना आधाराशी बांधून ठेवतं. फिट आणणारं कायनेट टोचलेल्या उंदरांत प्लाझमिन हे विकर लॅमिनिन कापतं आणि पेशी मरतात. प्लाझमिन तयार करणारं टीपीए हे दुसरं विकर ज्यांच्यात मुळातच नाही, त्या उंदरांच्या पेशी बऱ्याच वाचतात. लकव्यात गुठळी विरघळवायला देतात तेच हे टीपीए.

यातलं काहीही पुतण्याच्या एमआरआयवर दिसणार नाही, आणि या रेणूंवर बेतलेलं फिटचं औषधही दवाखान्यात मिळत नाही. अंगभर झटके देणारी फिट ५ मिनिटांत थांबली नाही तर ती आपणहून थांबेल असं धरायचं नाही, अशी २०१५ पासूनची आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. घरी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा ठेवावा का, ते डॉक्टरांना विचारून घ्या. आणि कुणी चप्पल हुंगवायला आणली तर ती बाजूला ठेवा, पोराला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा.