सही तुमची, डोकं त्याचं

फ्रिस्को, टेक्सासहून एका वडिलांचं पत्र आलंय. थोडं कापून देते.

"मुलगा अकरावीत आहे. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. यंदा हजाराच्या वर यार्ड धावला, दोन कॉलेजांच्या कोचचे फोन येऊन गेले. मराठी मुलाला अशी संधी कितीदा मिळते? माझ्या वडिलांनी मला बारावीत खो-खो सोडायला लावला, तसं मी होऊ देणार नाही. नामवंत रनिंग बॅक बॅरी सँडर्सचं पोस्टर मी स्वतः त्याच्या खोलीत लावलंय. गेल्या मोसमात डोक्याला मार लागून दोन सामने बाहेर होता, आता ठणठणीत आहे. अधूनमधून डोकं दुखतं म्हणतो, पण ते सराव टाळायला. आता म्हणतो, खेळायचंच नाही, टीमच्या ट्रेनरसारखं काम करायचंय. म्हणजे मालिशवाला! कॉलेजचे खेळाडू हल्ली लाखो डॉलर कमावतात. आम्ही अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, फीची चिंता आहेच. त्याला चार शब्द समजावून सांगा."

नमस्कार.

समजावण्याचं हे काम मी घेणार नाही. तुमच्या पत्रात यार्ड आहेत, कोचचे फोन आहेत, पोस्टर आहे. मुलाला कोणता विषय आवडतो, तो खेळायला का नको म्हणतो, हे तुम्ही त्याला विचारल्याची एकही खूण नाही. आणि मध्येच, जाता जाता लिहावं तसं, "अधूनमधून डोकं दुखतं म्हणतो" हे वाक्य आहे. तिथे मी अडकले.

डोक्याला मार लागलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा काही महिन्यांनी डोकं दुखतं म्हणतो, तेव्हा ते खरं की बहाणा हे ठरवणारे तुम्ही कोण? मीही नाही, कोचही नाही. टेक्सासमध्ये २०११ पासून कायदाच आहे. असा मार लागल्याची शंका आली की खेळाडूला बाहेर बसवायचं, डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय परत उतरवायचं नाही, आणि त्यासोबत पालकांची सहीही लागते. ती सही तुमच्या घरातल्याच कुणीतरी केली असणार. सही करताना डोकेदुखी पूर्ण थांबली होती का? त्यानंतर तो बोलला तेव्हा डॉक्टरांना फोन गेला, की "सरावाला जा" असं उत्तर गेलं? पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर काय होऊ शकतं, हे त्या डॉक्टरांनाच विचारा, ते माझ्यापेक्षा नीट सांगतील.

आणि ज्या जागेवर तो खेळतो ती जागाच मार खाण्याची. चेंडू छातीशी धरायचा आणि समोरच्या भिंतीत घुसायचं, एका सामन्यात वीस-वीस वेळा.

तुम्ही त्याला सँडर्स दाखवता, मग मार्कस लॅटिमोरही दाखवा. साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा रनिंग बॅक. २०१० मध्ये पहिल्याच वर्षी १,१९७ यार्ड आणि १७ टचडाउन, म्हणजे सतरा वेळा चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार. पोरगा सोन्यासारखा खेळत होता, पण नियम असा की शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगची, दारं उघडत नाहीत, आणि कॉलेजात तेव्हा खेळाडूला स्वतःच्या नावावर कमाईही करता येत नव्हती. म्हणजे उमेदीची वर्षं फुकट झिजवायची आणि हाडं शाबूत राहिली तर पुढे पैसे. २०११ च्या ऑक्टोबरात डावा गुडघा गेला. तो सावरून परत आला. २७ ऑक्टोबर २०१२ ला टेनेसीविरुद्ध उजवा गुडघा असा काही मोडला की दोन्ही संघ मैदानात येऊन त्याच्याभोवती उभे राहिले. दोन दिवसांनी त्याचा एकविसावा वाढदिवस होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने तरीही २०१३ मध्ये एनएफएलच्या खेळाडू-निवडीत चौथ्या फेरीत त्याला घेतलं. एकही सामना न खेळता २०१४ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढे २०१८ मध्ये तो आपल्याच विद्यापीठात परतला, खेळाडूंच्या जडणघडणीचं काम बघायला.

बरं, पोस्टरवरच्या सँडर्सचंच घ्या. १९८८ मध्ये ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून ११ सामन्यांत २,६२८ यार्ड. कॉलेज फुटबॉलमध्ये एका मोसमातला तो विक्रम अजून उभा आहे. पण १९९९ मध्ये, एनएफएलचा सर्वाधिक धावण्याचा विक्रम हाताशी आलेला असताना, गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून त्याने खेळ सोडला. विक्रमासाठी थांबला नाही. तुमचा मुलगा "नको" म्हणाला तेव्हा तुम्हाला हा सँडर्स कसा आठवला नाही?

तुमच्या वडिलांनी तुम्हाला खेळ सोडायला लावला, तुम्ही मुलाला खेळ धरून ठेवायला लावताय. दोघांचीही समजूत एकच, की पोराला काय कळतंय.

आता पैशांचं. २०२१ च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमावता येतं आणि २०२५ पासून कॉलेजंही थेट पैसे देऊ लागलीत, हे खरं. पण तुम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत आहात, म्हणजे मुलगा बहुधा तुमच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसामागे एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर असणार. एच-फोरवरच्या मुलाला कमाई करता येत नाही. एकविशी पूर्ण झाली की तो सहसा त्या व्हिसातूनही बाहेर पडतो, मग एफ-वन हा विद्यार्थ्यांचा व्हिसा आला, आणि त्यावर शिकत असताना मुख्यतः कॅम्पसमधलंच काम, तेही ठरावीक तास. जाहिरातीचा एक डॉलर घेण्याआधीसुद्धा इमिग्रेशन वकिलाला विचारावं लागेल. ज्या लाखोंच्या जोरावर तुम्ही त्याला मैदानात ढकलताय, ते त्याच्या हातात पडतील की नाही हेच धड नाही. आणखी एक, फोन कुठल्या कॉलेजांचे होते? आयव्ही लीगची (हार्वर्ड, येलसारखी) आणि कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या स्तरातली, डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत.

मालिशवाला हा शब्द वाचून मला राग आला, लपवत नाही. अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनर हा आरोग्यसेवेतला पेशा आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त मास्टर्स लागतं, त्यावर बोर्डाची परीक्षा, आणि टेक्सासात राज्याचं लायसन्स वेगळं. मैदानावर कोणी कोसळला की सगळ्यात आधी धावतो तो हाच माणूस, आणि "याला आज परत उतरवायचं नाही" हे कोचच्या तोंडावर सांगायची हिंमतही त्याला ठेवावी लागते. तुमच्या मुलाला कोणीतरी तसं बाहेर बसवलं होतं, दोन सामने. त्याला तेच काम करावंसं वाटलं, तर यात मला तरी काही अचानक दिसत नाही. जीवशास्त्र, शरीरशास्त्र झेपतं का ते बघा. याच पायावर पुढे फिजिकल थेरपी किंवा मेडिकलकडेही वळता येतं, पण ते आत्ता त्याच्या डोक्यात घालू नका.

कॉलेजप्रवेशासाठीच्या एसएटी, एपी परीक्षा आणि जीपीए, म्हणजे शाळेतल्या गुणांची सरासरी, यांचं तुम्हाला ठाऊक आहेच. उद्या त्यालाच परत खेळावंसं वाटलं तर डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या स्तरासाठी १६ मुख्य विषय आणि किमान २.३ जीपीए लागतो, एवढं शाळेच्या समुपदेशकाकडून तपासून ठेवा.

पण या आठवड्यात एकच काम. डोक्याच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि ते हो म्हणेपर्यंत त्याचा सराव बंद ठेवा. कोचला फोन तुम्हीच करा, त्याच्यावर सोडू नका. दवाखान्यात त्याला घेऊन जा, पण डॉक्टरांशी बोलायला आत त्याला एकट्याला जाऊ द्या. तुम्ही बाहेर बसा.