मुलाची 'शिकण्याची पद्धत' ओळखून घरी शिकवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ वर्षांची मुलगी वाचून पटकन शिकते, सहा वर्षांचा मुलगा दहा मिनिटांपलीकडे एका जागी टिकत नाही. ऑनलाइन चाचणीत ती 'पाहून शिकणारी' आणि तो 'करून शिकणारा' निघाला. मग दोघांना दोन पद्धतींनी शिकवायचं का?

नाही. चाचणीचा निकाल बाजूला ठेवा. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून अशी चार खाती पाडणारी 'व्हार्क' प्रश्नावली शिक्षक नील फ्लेमिंग यांनी १९९२ च्या सुमारास मांडली. अशा चाचण्यांमधून कळतं ते मुलाला काय आवडतं. आवडीच्या पद्धतीने शिकवलं की जास्त शिकलं जातं का, हा वेगळा प्रश्न. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या दाव्यामागचं संशोधन तपासलं, तेव्हा त्याला आधार म्हणावा असा भक्कम पुरावा हाती लागला नाही. मुलांमध्ये फरक असतात, भरपूर असतात. पण ते या चार खात्यांत बसत नाहीत.

माध्यम ठरतं ते मुख्यतः विषयावरून. नकाशा पाहावाच लागतो, उच्चार ऐकावाच लागतो, गाठ हातानेच मारावी लागते. मूल कुठल्याही 'प्रकारचं' असो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ, कारण मुलगा सहा वर्षांचा आहे म्हणजे हे येणारच. तुम्ही 'सत्तावीस' म्हणता आणि तो ७२ लिहितो. लगेच निष्कर्ष निघतो की याला ऐकून कळत नाही. खरी अडचण आकड्याच्या नावात आहे. मराठीत आपण आधी सुटे बोलतो आणि मग दशक: सत्ता-वीस. लिहिताना मात्र दशक आधी. मूल ऐकलं त्याच क्रमाने लिहितं, म्हणजे त्याचं ऐकणं उत्तम चाललंय!

२७ काड्या घ्या. दहा-दहाच्या दोन जुड्या रबर लावून डावीकडे ठेवा, सात सुट्या उजवीकडे. 'सत्ता' म्हणताना त्याचा हात सुट्यांवर, 'वीस' म्हणताना जुड्यांवर. मग कागदावर दोन घरं आखा, दशक आणि एकक, आणि लिहिताना जुड्यांचं घर आधी भरायचं. २७ झाला की लगेच ७२, मग ३५ आणि ५३, ४६ आणि ६४. जोड्या समोरासमोर आल्या की फरक डोळ्यांत भरतो. दिवसाला सहा आकडे पुरे. एकोणतीस ऐकून ३९ लिहिणं ही वेगळी चूक आहे. तिथे कानात 'तीस' राहतो आणि 'एक कमी' निसटतो. हे 'एकोण'वाले आकडे साधे आकडे पक्के झाल्यावर वेगळे घ्या. (त्यातही नव्व्याण्णव आपला सवता सुभा मांडून बसलाय.)

इथे एक गोष्ट हमखास बिघडते: काड्यांची सवय सुटतच नाही. मूल दर वेळी जुडी सोडून एकेक काडी मोजायला लागतं. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी काड्यांऐवजी कागदावर जुडीसाठी उभी रेघ आणि सुट्यांसाठी ठिपके, आणि त्यानंतर नुसते आकडे. या एका धड्यात हात, डोळे, कान, लिहिणं सगळं आलं. मोठ्या मुलीला लहानपणी हेच अडलं असतं, तर तिलाही असंच शिकवावं लागलं असतं.

आता खरे फरक कुठे शोधायचे ते. सर्वांत मोठा फरक म्हणजे आधीचं किती येतं. ज्याला भागाकार येत नाही त्याला अपूर्णांक कितीही रंगीत चित्रांनी दाखवा, घोडं तिथेच अडणार. नवा धडा उघडण्यापूर्वी मागच्या पायरीचे तीन-चार प्रश्न विचारा. मुलीला जे बऱ्यापैकी येतं तिथे समजावणं कमी करून गणितं वाढवा. मुलाला आधी एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण, मग अर्धं सोडवलेलं, मग कोरं.

दुसरा फरक वाचनाचा. सारख्या अवघडपणाचे दोन छोटे उतारे घ्या. एक तुम्ही वाचून दाखवा, एक त्याला वाचू द्या, आणि दोन्हींवर चार-चार प्रश्न विचारा. ऐकलेल्यावर चारही बरोबर आणि वाचलेल्यावर एकच बरोबर आला, तर तो 'ऐकून शिकणारा' आहे असं समजून वाचन सोडून देऊ नका. त्याचं वाचन अडतंय. ध-घ, भ-म, जोडाक्षरं यांत नेमकं कुठे, ते मोठ्याने वाचून घेऊन टिपा. रोज दहा मिनिटं तेवढंच घ्या. लेबलाचा सर्वांत मोठा तोटा हाच: ज्याचा सराव हवा तेच टाळलं जातं.

तिसरा फरक एका वेळी डोक्यात किती मावतं याचा. 'वही काढ, तारीख घाल, पान बारावरचं तिसरं गणित कर' यातलं पहिलंच काम होत असेल, तर तो हट्टीपणा असेलच असं नाही. एका वेळी एक सूचना द्या, किंवा कामं कागदावर लिहून समोर ठेवा. वारंवार 'काय?' विचारणाऱ्या किंवा वहीत नाक खुपसणाऱ्या मुलाचे कान-डोळे आधी तपासून घ्या. साध्या सर्दीनंतरही काही दिवस कमी ऐकू येऊ शकतं.

दोघांनाही सारखंच लागू पडणारं एक काम म्हणजे पुस्तक मिटून आठवणं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्याने चित्र उलटलं: ४२ विरुद्ध ५६. ते विद्यार्थी महाविद्यालयातले होते, पण घरीही ही फसगत रोज दिसते; पुन्हा वाचलं की 'येतंय' असं वाटतं. मुलगी चटकन वाचून मोकळी होते, म्हणून तिच्या बाबतीत हे जास्त जपा. धडा मिटून पाच मुद्दे सांगायला लावा. दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी आणि आठवड्याने तेच पुन्हा.

राहिला मुलाचा चुळबुळेपणा. सहाव्या वर्षी सलग दहा मिनिटं बसणं हे ठीकच आहे. दहा-बारा मिनिटांचे तुकडे करा, मध्ये पाच मिनिटं पळू द्या. पण उड्या मारत पाढे म्हणवून घेण्याला 'करून शिकणं' समजू नका. हालचालीत विषयाचा अर्थ असायला हवा. जमिनीवर खडूने ० ते २० ची संख्यारेषा आखा, १३ वर उभं करा आणि पाच पावलं मागे यायला सांगा; इथे पाऊल म्हणजेच वजाबाकी. एक चूक मात्र ठरलेली: तो उभा असलेलं घरच 'एक' म्हणून मोजतो आणि ८ ऐवजी ९ वर थांबतो. पाऊल टेकल्यावरच आकडा म्हणायचा, असा नियम पहिल्या उडीपासून ठेवा.