मेक्सिकोचा फुटबॉलपटू राफाएल मार्केस इतका मोठा बचावपटू का मानला जातो?

पाच विश्वचषक (२००२ ते २०१८) आणि पाचही वेळा कर्णधार, हे एकच उत्तर पुरेसं आहे. पण माझ्या मते त्याचं खरं मोठेपण पायातल्या पासमध्ये होतं. मागून चेंडू घेऊन तो असा लांब, अचूक पास द्यायचा की हल्ला तिथूनच सुरू व्हायचा. म्हणून बार्सिलोना या स्पॅनिश क्लबने त्याला कधीकधी मधल्या फळीतही खेळवलं. या क्लबकडून २००३ ते २०१० मध्ये त्याने चार ला लिगा (स्पेनची लीग) आणि दोन चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) जिंकल्या. चॅम्पियन्स लीगचा २००६ चा अंतिम सामना तो खेळला, २००९ चा मात्र दुखापतीमुळे हुकला. त्याची हळहळ मला आजही वाटते. सुरुवात मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराच्या अ‍ॅटलास क्लबमधून, २००० मध्ये मोनाको क्लबसोबत फ्रेंच लीगचं विजेतेपद, आणि शेवट पुन्हा अ‍ॅटलासमध्येच.