लिस्बन, लिश्बोआ आणि हरवलेला 'न'

प्रश्न असा आहे की पोर्तुगालच्या राजधानीचे नाव मराठीत 'लिस्बन' लिहावे की पोर्तुगीजांप्रमाणे 'लिश्बोआ', आणि हे नाव 'सुरक्षित बंदर' अशा अर्थाच्या फिनिशियन (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील प्राचीन दर्यावर्दी लोकांच्या) शब्दांवरून आले, हे खरे आहे का?

व्युत्पत्तीचे आधी पाहू. तेजो नदीच्या मुखाशी फिनिशियन व्यापाऱ्यांचा वावर होता, हे उत्खननातून दिसते. आजच्या मुख्य कॅथेड्रलखालीही त्या काळचे अवशेष मिळाले आहेत. मात्र 'अल्लिस उब्बो' म्हणजे सुरक्षित बंदर, ही जोडणी कोणत्याही प्राचीन लेखावर आधारलेली नाही. ती पुढच्या काळातील विद्वानांनी मांडलेली अटकळ आहे. रोमन काळात नगराचे नाव 'ओलिसिपो' असे होते, आणि त्याच्या शेवटच्या भागाकडे लक्ष दिले तर वेगळाच धागा हाती लागतो. आसिनिपो, ओस्तिप्पो, बेसिप्पो, कोल्लिप्पो अशी गावांची नावे इबेरियाच्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पाच्या, दक्षिण आणि पश्चिम भागात ठिकठिकाणी आढळतात आणि त्यांतील काही तर समुद्रापासून बरीच आत, डोंगराळ मुलखात आहेत. त्यामुळे हा अंत्यभाग रोमनांच्या आधीच्या एखाद्या स्थानिक भाषेतील असावा, हे मत मला अधिक सयुक्तिक वाटते. ग्रीक महाकाव्यातील वीर युलिसीस याने हे नगर वसवले, ही सोलिनस या रोमन लेखकाने नोंदवलेली आख्यायिका तर निव्वळ नामसादृश्यातून उपजलेली आहे.

आठव्या शतकाच्या आरंभी नगर मुसलमानांच्या ताब्यात गेले. अरबीत 'प' हा ध्वनी नाही; त्या भाषेत नाव 'अल्-उश्बूना' असे झाले, आणि आरंभीचा 'ल' 'अल्' या उपपदात मिसळून गेला असावा. ती राजवट सुमारे चार शतके टिकली आणि तिचा ठसा आजही नगरात आहे: किल्ल्याच्या उतारावरील 'आल्फामा' या वस्तीचे नाव उष्ण झरे किंवा स्नानगृह या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले आहे. 1147 मध्ये आफोन्सो हेन्रिक्स या राजाने, पवित्र भूमीकडे निघालेल्या इंग्रज, फ्लेमिश आणि जर्मन धर्मयोद्ध्यांच्या साहाय्याने, नगर जिंकले. तेराव्या शतकाच्या मध्यावर आफोन्सो तिसरा याच्या काळात राजदरबार कोइंब्राहून येथे स्थिरावला.

आता 'न'कडे वळू, कारण 'लिस्बन' हे रूप इंग्रजांनी बिघडवलेले आहे, असा समज सर्रास दिसतो आणि तो बरोबर नाही. लॅटिनमधील दोन स्वरांमधला 'न' पोर्तुगीज भाषेत नियमाने लोपतो. 'लूना' म्हणजे चंद्र, त्याचे 'लुआ' झाले. 'कोरोना' म्हणजे मुकुट, त्याचे 'कोरोआ' झाले. त्याच नियमाने, 'ओलिसिपो'पासून पुढे झालेल्या 'लिस्बोना' या रूपाचे 'लिस्बोआ' झाले. इटालियन 'लिस्बोना', फ्रेंच 'लिस्बोन' आणि इंग्रजी 'लिस्बन' या रूपांनी खुद्द पोर्तुगीजांनी गमावलेला 'न' जपून ठेवला आहे. या एका बाबतीत परकी रूपेच मुळाला अधिक धरून आहेत, आणि भाषेच्या अभ्यासकाला यात खरोखर आनंद वाटावा.

पोर्तुगीज उच्चार देवनागरीत उतरवणेही सोपे नाही. जुन्या लेखनात हे नाव 'श' दाखवणाऱ्या अक्षराने लिहीत. आज पोर्तुगालमध्ये पुढच्या 'ब'मुळे तो 'श' घोष होतो आणि इंग्रजीत 'टेलिव्हिजन' म्हणताना 'ज'च्या जागी येणाऱ्या ध्वनीसारखा ऐकू येतो. त्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र अक्षर नाही. म्हणून 'लिश्बोआ' हे लेखनही अंदाजीच ठरते. मराठीत रुळलेले 'लिस्बन' तसेच ठेवावे. मूळ रूप दाखवणे आवश्यक असेल तेथेच 'लिश्बोआ' लिहावे, असे माझे मत आहे.

वापराबाबत एक सावधगिरी मात्र मला लेखनापेक्षाही महत्त्वाची वाटते. गोव्याच्या इतिहासावर लिहिताना आपण 'लिस्बन' हा शब्द पोर्तुगीज राजसत्ता या अर्थाने सहज वापरतो. नेपोलियनच्या सैन्यामुळे राजदरबाराने 1807 च्या अखेरीस लिस्बन सोडले, आणि 1808 पासून 1821 पर्यंत साम्राज्याची राजधानी ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरो येथे होती. त्या वर्षांतील गोव्याच्या विजरईला, म्हणजे राजप्रतिनिधीला, 'लिस्बन दरबाराचा' हुकूम आला असे लिहिणे चूक आहे. तेथे 'रिओ' किंवा नुसते 'पोर्तुगीज दरबार' म्हणावे. 'विजरई' हा शब्द मात्र आपण थेट पोर्तुगीज 'व्हिसे-रेइ'वरूनच घेतला आहे. त्यासाठी इंग्रजीची मध्यस्थी लागली नाही.