रात्री नदीपलीकडच्या जत्रेतलं नाटक घरात कसं ऐकू येतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुमचं घर नदीकाठी, पलीकडे खाजन (खाडीकाठची सखल, बांध घातलेली शेतजमीन) आणि त्यामागे दोनेक किलोमीटरवर देऊळ. जत्रेच्या रात्री तिथलं मराठी नाटक ओसरीवर बसून शब्दन् शब्द ऐकू येतं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच कर्ण्यावरचं भजन येत नाही. घरचे म्हणतात, रात्री शांतता असते म्हणून. शिवाय तुमचा कुत्रा तुमच्याआधी कान टवकारतो, त्याला काय ऐकू येतं?

घरच्यांचं म्हणणं खोटं नाही, पण अपुरं आहे. शांततेमुळे आलेला आवाज ओळखू येतो. दुपारी मात्र तो तुमच्या अंगणापर्यंत पोचतच नाही. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या बंद केल्या तरी भजन ऐकू येणार नाही. मी गोव्यात डिचोलीला उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न मुलांना मुद्दाम घालतो. अपवर्तन, म्हणजे वेग बदलल्याने लाटेचं वाकणं, म्हटलं की त्यांना फक्त भिंग आणि प्रकाश आठवतो. आवाजही वाकतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

हवेतल्या आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. २० अंशांना तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि दर अंशामागे साधारण ०.६ मीटरने वाढतो. दुपारी जमीन तापते, तिला चिकटलेली हवा तापते आणि वर जावं तशी हवा थंड होत जाते. म्हणजे आवाजाच्या लाटेचा खालचा भाग वेगाने पळतो आणि वरचा मागे पडतो. बैलगाडीचं एक चाक वाळूत रुतलं की गाडी त्याच बाजूला वळते, तशी लाट मंद बाजूकडे, म्हणजे वर वळते. भजन आभाळाकडे निघून जातं आणि काही शे मीटरपलीकडे जमिनीलगत आवाजाची सावली पडते. तुमचं घर त्या सावलीत आहे.

रात्री सगळं उलटं होतं. आभाळ निरभ्र असलं की जमीन आपली उष्णता वर सोडून देते, खाजनावरची हवा गार पडते आणि तिच्या वरची हवा तिच्याहून उबदार राहते. आता मंद बाजू खाली असते, म्हणून आवाज जमिनीकडे वळतो. किती वळतो, याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. जमिनीपासून ५० मीटर उंचीपर्यंत तापमान ३ अंशांनी वाढतंय असं धरा. तेवढ्याने वेगात जेमतेम अर्धा टक्का फरक पडतो. पण तेवढ्यावर आवाजाची वाट सुमारे साडेनऊ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळासारखी वाकते. जो आवाज कर्ण्यातून किंचित वर, ६ अंशांच्या कोनात निघतो, तो ५० मीटर उंच कमान घेऊन बरोबर २ किलोमीटरवर उतरतो. वाटेतली घरं, बांध, माड सगळं त्याच्या खाली राहतं. मला हा हिशोब फार आवडतो. इतक्या लहानशा फरकातून एवढं मोठं काही घडताना क्वचितच दिसतं.

आपल्याकडच्या बऱ्याचशा जत्रा कार्तिकापासून पुढे थंडीत येतात. निरभ्र आभाळ आणि पडलेला वारा याच दिवसांत मिळतो. पावसाळ्यातल्या ढगाळ रात्री नाटक झालंच, तर ते इतकं दूर जाणार नाही, कारण ढग जमिनीला तितकी थंड होऊ देत नाहीत.

वाऱ्याचाही यात हात आहे. वारा आवाजाला मागे ढकलतो म्हणून विरुद्ध दिशेला ऐकू येत नाही, असं बहुतेकांना वाटतं. पण ताशी २० किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ३४३ मीटरने धावणाऱ्या आवाजाला तो काय अडवणार? खरी गोष्ट अशी की जमिनीलगत वारा मंद असतो आणि वर जोरात. त्यामुळे वाऱ्याविरुद्ध निघालेला आवाज वर उचलला जातो आणि वाऱ्याबरोबर निघालेला खाली दाबला जातो. हे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५७ मध्ये मांडलं. तापमानाची बाजू अभियंते ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८७० च्या दशकात दाखवून दिली. तुमचं घर देवळाच्या पश्चिमेला असेल, तर दुपारी समुद्रावरून येणारा वारा नेमका आवाजाच्या विरुद्ध असतो. ऊन आणि वारा दोघे मिळून भजन पळवतात.

आता घरच्यांच्या शांततेकडे येतो. आवाजाची तीव्रता डेसिबेलमध्ये मोजतात. कर्ण्यापासून १ मीटरवर ११० डेसिबेल आवाज असेल, तर नुसत्या पसरण्यानेच २ किलोमीटरवर ४४ उरतात. हवा थोडा शोषून घेते, म्हणजे मधल्या पट्टीतले सूर ३५ च्या आसपास पोचतात. गावातल्या रात्री हे सहज ऐकू येतं. दुपारी सावलीमुळे आणखी वीसेक डेसिबेल जातात. उरलेलं झाडांच्या सळसळीतसुद्धा बुडतं.

‘शब्दन् शब्द’ यावर मात्र मला थोडं बोलायचंय. हवा सगळे सूर सारखे शोषत नाही. उंच सूर आधी जातात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ यांची ओळख पटते ती बरीचशी २,००० हर्ट्झच्या (सेकंदाला २,००० कंपनांच्या) वरच्या भागातून. आपल्या कानाची नळी अडीच सेंटिमीटरची, एका टोकाला पडद्याने बंद. तिचा स्वतःचा नाद सुमारे ३,४०० हर्ट्झला लागतो, म्हणून आपला कान याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण आहे. तिथे अगदी बारीक आवाजाला कानाचा पडदा अणूच्या व्यासाहूनही कमी हलतो आणि तेवढं आपल्याला ऐकू येतं! पण २ किलोमीटरच्या वाटेवर नेमका हाच पट्टा झिजतो. गोव्याची दमट हवा कोरड्या हवेपेक्षा उंच सूर कमी खाते, ही आपली त्यातल्या त्यात सोय. तरीही काही व्यंजनं वाटेत गळतातच, आणि ती तुमचा मेंदू भरून काढतो. १९७० मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी वाक्यातला एक ध्वनी काढून तिथे खोकल्याचा आवाज घातला, तर ऐकणाऱ्यांना तो ध्वनी ऐकू आल्यासारखाच वाटला. लहानपणापासून ऐकलेलं नाट्यगीत असेल तर मेंदूचं काम आणखी सोपं होतं.

कुत्र्याबद्दल तयार उत्तर असं मिळतं की त्याला ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि आपल्याला २०,००० पर्यंतच. आकडे बरोबर आहेत, पण तुमच्या प्रश्नाला ते लागू होत नाहीत. ४०,००० हर्ट्झचा आवाज हवेत दर मीटरला साधारण १ डेसिबेल गमावतो. नदी ओलांडायच्या आतच तो संपलेला असतो. वटवाघळाला आपल्या चीत्कारांनी फक्त जवळचंच का दिसतं, त्याचंही हेच कारण. कुत्र्याला त्या उंच सुरांचा उपयोग कौलांतल्या उंदरासाठी. दूरच्या जत्रेसाठी त्याच्या कामी येतात ते हवे तिकडे वळवता येणारे कान आणि काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याहून बारीक आवाज टिपण्याची ताकद. आणि तो लक्ष देऊन ऐकत असतो. आपण जेवत, बोलत असतो.

थंड रात्रीचा खरा फायदा उठवतो तो हत्ती. शेजारच्या महाराष्ट्रातल्या दोडामार्गात हत्ती येतात, त्यामुळे त्यांची ओळख तुम्हाला असेलच. त्यांच्या हाकांचा मूळ सूर २० हर्ट्झच्याही खाली जातो. आपल्या कानांना तो कळत नाही आणि हवा तो जवळजवळ शोषतच नाही. नामिबियातल्या एटोशामध्ये झालेल्या अभ्यासातून दिसलं की संध्याकाळनंतर हवेचे थर असे उलटले की हत्तीची हाक दुपारच्या कितीतरी पट क्षेत्रात, १० किलोमीटरपर्यंतही पोचू शकते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. रात्री २ किलोमीटर हे अंतर आवाजासाठी काहीच नाही. लांबच्या घरातून कुणी आजारी माणूस आवाजाची तक्रार करतो, तेव्हा ‘एवढ्या लांब कसं ऐकू येईल?’ म्हणून त्याला खोटं पाडू नका. सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर रात्री १० नंतर उघड्यावर कर्णा वाजवायला २००० सालच्या नियमांनी बंदी आहे, आणि ती योग्यच आहे असं मला वाटतं. जत्रेत लहान मुलांना स्पीकरच्या पुढ्यात बसवू नका. ८५ डेसिबेल ८ तास चालतात असं धरलं तर दर ३ डेसिबेलना वेळ निम्मा होतो; १०० डेसिबेलला १५ मिनिटंच उरतात. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात.

स्वतः पडताळायचं असेल तर पुढच्या जत्रेला दोन रात्री ऐका, एक चांदण्यांची आणि एक ढगाळ. शेजारच्या चुलीचा धूर कुठे जातो तेही बघा. तो वर न चढता आडवा पसरून खाली रेंगाळत असेल, तर वरची हवा उबदार आहे असं समजा आणि खुर्ची ओसरीवर काढा.